लेबल नसलेली तबकडी

१ जानेवारी १९९७, बुधवार

नवी वही. आईच्या चर्चने वाटलेली. प्रत्येक पानाच्या डोक्यावर एकेक वचन छापलंय, त्याच्याकडे बघायचं नाही. आजचं वचन क्षमेबद्दल आहे. वर्षाची सुरुवातच खवचट.

संकल्प: या वर्षी अल्बम काढायचा म्हणजे काढायचाच. कुठल्याही रेकॉर्ड कंपनीच्या दारात जायचं नाही. ब्रॉन्क्समध्ये हिप-हॉप जन्मलं तेव्हा बागेतल्या दिव्याच्या खांबातून वीज ओढून आम्ही वाजवलं, तेव्हा कुठली कंपनी आली होती? नखं खाणं बंद. आणि ओटिसचा विचार करायचा नाही.

३ जानेवारी, दुपार

ओटिसचा विचार केला. इलाज नव्हता, तो टीव्हीवर होता. चंदेरी सूट घालून, बोटीवर, दोन्ही बाजूंना बायका. साडेतीन मिनिटांत आठ सूट. हा ओटिस मॅकफॅडन, आमच्या खालच्या मजल्यावरचा. स्टेटन आयलंडच्या फेरीबोटीत याने माझ्या बुटांवर उलटी केली होती. हा म्हणे समुद्राचा राजा.

गाण्यात काय आहे? शॅम्पेन, घड्याळ, परत शॅम्पेन. लाज विकून खाल्ली. मी टीव्ही बंद केला. आई म्हणाली की पोरगं छान दिसतंय, जरा वाळलंय एवढंच, आणि टीव्ही पुन्हा लावला. टीव्ही तिचा आहे, घरही तिचं आहे, त्यामुळे वाद वाढवला नाही.

११ जानेवारी

अल्बमचं नाव ठरलं: ‘खरं तेच’. मुखपृष्ठ ठरलं: माझा चेहरा, बाजूने, रागावलेला. आभार कुणाकुणाचे मानायचे नाहीत त्याची यादी झाली. गाणी तेवढी बाकी.

१८ जानेवारी, शनिवार

दुकानात मॅनेजरने ओटिसची कॅसेट लावायला सांगितली, गिऱ्हाईक मागतं म्हणून. मी फोर्डम रोडवर बूट विकतो ते फक्त पोटासाठी. माझ्या हाताने असली घाण वाजणार नाही असं त्याला स्पष्ट सांगितलं. त्याने विचारलं, मग दुसरी नोकरी बघणार का? शेवटी लावली, पण आवाज अगदी कमी ठेवला. बंडखोरीचेही प्रकार असतात.

२५ जानेवारी

आज ‘ती’ तबकडी काढून पुसली. तिच्याबद्दल एकदा नीट लिहून ठेवतो. उद्या चरित्र लिहायला कुणी बसलं तर चुका व्हायला नकोत.

१९८३. मी सतरा वर्षांचा, ओटिसही. थर्ड अॅव्हेन्यूच्या फूटपाथवर बंद पडलेल्या कुठल्याशा रेडिओ स्टेशनचा भंगार माल विकायला होता. त्यात ही सापडली. कव्हर नाही, लेबलवर काजळीचा थर. घरी लावली आणि मी जागचा हललो नाही. सुरुवातीला चार मात्रांचा ठेका चार वेळा येतो, नुसता ढोल आणि खाली खर्जातला बास, संथ, जड. मग एक पुरुष रडायला लागतो. शब्द कळत नाहीत. फक्त आक्रोश, आम्हा सगळ्या काळ्या लोकांचा, गुलामगिरीच्या तीनशे वर्षांचा.

पार्टीत वाजवताना तो माणूस रडायला लागण्याआधी मी सुई उचलतो. नेहमी. ठेका लोकांना नाचायला द्यायचा, त्या माणसाचं दुःख विकायचं नाही. एकटा असताना मात्र पूर्ण ऐकतो. टोपी काढून.

ठेका दुसऱ्या कुणी पळवू नये म्हणून लेबल भिजवून काढायचं, हा आम्हा डीजेंचा धर्म. आईच्या टबात कोमट पाणी भरलं. मी लेबल वाचलंसुद्धा नाही. डोळे मिटून बसलो, कारण माझ्या पोटात गोष्ट राहत नाही असं ओटिस म्हणायचा, आणि तेव्हा तो खरं बोलायचा. लेबल त्यानेच खरवडून काढलं. मला नखं नव्हती. मधल्या गुळगुळीत जागेवर तबकडी ओळखायचे आकडे कोरलेले असतात, ते मी खिळ्याने घासून टाकले. काम चोख. चौदा वर्षांत एकाही माईच्या लालाला तो ठेका कुठला ते कळलेलं नाही.

१ फेब्रुवारी

विल्फ्रेडोच्या सलूनमध्ये गेलो. विल्फ्रेडो केस कापतो आणि या भागात कोण खरा, कोण खोटा याचा निकालही देतो. त्याने नव्या गिऱ्हाइकांसाठी त्या तबकडीवरच्या बाबा ओसेईची गोष्ट सांगायला लावली. मी सांगितली. घानाचा ढोलकीवाला, राजकीय कैदी, तुरुंगात गुपचूप रेकॉर्डिंग झालं, आठवड्याने गेला. मग ठेका तोंडाने वाजवून दाखवला. एका म्हाताऱ्याने डोळे पुसले.

हे नाव मला पहिल्यांदा १९८८ साली याच खुर्चीत सुचलं होतं. पण आता मला बाबांचा चेहरा दिसतो, म्हणजे त्यात काहीतरी तथ्य असणारच.

नंतर ओटिसला मनसोक्त शिव्या. चंदेरी माकड, बोटीतलं बुजगावणं, शॅम्पेनचा हमाल: तिन्ही माझ्या. हमाल सगळ्यांना फार आवडली.

२ मार्च, रविवार

ओटिस घरी आला होता.

आईने दार उघडलं, गळ्यात पडली, तिच्या हातचा मॅकरोनी पाय, चीज घालून भाजलेला, पुढे ठेवला. तो दोनदा वाढून घेतो आणि मी समोर बसून बघतो. सूट साधा होता, पण बूट चकाकत होते. म्हणाला की नव्या गाण्यासाठी त्याला ‘तो’ ठेका हवाय. कंपनी हवा तसा करार करेल, निर्माता म्हणून माझं नाव मोठ्या अक्षरांत. म्हणे, डेस, तू अजून किती दिवस लोकांच्या पायांची मापं घेणार?

मी उभा राहिलो. आठ मिनिटं बोललो. बाग, दिव्याचे खांब, बाबा ओसेई, बोट, फेरीबोट, सगळं आलं. बाबांचं नाव निघाल्यावर तो माझ्याकडे जरा विचित्र नजरेने बघत राहिला. मनाला लागलं असणार. आई म्हणाली की तुझं झालं असेल तर पोराला जेवू दे.

जाताना तिने उरलेला मॅकरोनी पाय फॉइलमध्ये बांधून त्याला दिला. तो माझा उद्याचा डबा होता.

४ मार्च

नकार दिल्याचा अभिमान वाटतो.

६ मार्च

अजून वाटतो.

९ मार्च

एक विचार. क्रांती बाहेरून होते असं कुणी सांगितलं? आत शिरायचं आणि आतून पोखरायचं. बाबांचा ठेका देशातल्या प्रत्येक रेडिओवर, प्रत्येक गाडीत. शॅम्पेनच्या गाण्याखालून तीनशे वर्षांचं दुःख. त्यांना कळणारसुद्धा नाही काय घडलं.

ओटिसला फोन केला. अट घातली: व्हिडिओत बोट नको. तो म्हणाला, चालेल, त्यालाही बोट लागते. मग म्हणाला की मला बरं वाटलं रे, डेस. मी धंद्याच्या आवाजात सांगितलं की भावनेत वाहू नकोस.

विल्फ्रेडोला इतक्यात सांगायची गरज नाही. आतून पोखरायचं तर गुप्तता हवी.

१४ एप्रिल, सोमवार

कंपनीत गेलो. काचेची इमारत, बारावा मजला, सोफा इतका खोल की उठताना सेक्रेटरीचा हात धरावा लागला. वकील मिस अॅडलर, बुटकी बाई, चेहऱ्यावर हसू नाही. ठेका ऐकला, मान हलवली आणि विचारलं, मूळ रेकॉर्ड कोणाची?

मी हसलो. ते गुपित आहे म्हटलं.

तिने दुसऱ्यांदा विचारलं, आवाज न बदलता. हल्ली मूळ मालकाची लेखी परवानगी नसेल तर दावा लागतो आणि गाणं बाजारातून उचलावं लागतं. नाव नाही तर गाणं नाही. मुदत तेवीस जून.

मी तिला चौदा वर्षांचा धर्म समजावून सांगितला. टब, कोमट पाणी, खिळा. तिने चष्मा काढला आणि विचारलं, म्हणजे तुम्ही स्वतःही वाचलं नाही?

असा प्रश्न अपमानास्पद आहे. मी ताबडतोब नाव दिलं: बाबा ओसेई, घाना. तिने लिहून घेतलं आणि म्हणाली की वारसांचा शोध घेते. ओटिस शेजारीच बसला होता. खिडकीबाहेर बघत होता, आणि एक अक्षर बोलला नाही. तोंडात शॅम्पेन असणार.

२६ एप्रिल

खबरदारी म्हणून थोडा तपास मीही करतोय. आज पाच दुकानं झाली जुन्या रेकॉर्ड्सची. तबकडी अर्थातच सोबत नेली नाही, हे लोक टपलेलेच असतात. ठेका वाजवूनही दाखवला नाही. नुसतं वर्णन केलं: संथ, जड, मग रडणं. तीन ठिकाणी डोकं हलवलं, चौथ्या ठिकाणी पाणी विचारलं. पाचव्याने मला ओपेराची रेकॉर्ड विकली.

१७ मे

मिस अॅडलरने फोन केला. घानाची राजधानी अक्रा, तिथल्या विद्यापीठातल्या संगीताच्या प्राध्यापकांना तिने ठेक्याची टेप पाठवली होती. तीन पानी उत्तर आलंय. अत्यंत सभ्य गृहस्थ. म्हणतात की बाबा ओसेई नावाचा असा कलावंत कुणाच्या ऐकिवात नाही. वाद्य घानाचं नाही, साधा अमेरिकन ड्रमसेट आहे. वाजवणारा दुःखी वाटत नाही, कंटाळलेला वाटतो.

कंटाळलेला! तुरुंगातला माणूस कसा वाटणार? पुस्तकी पंडितांची जातच ही. मी मिस अॅडलरला सांगितलं की या प्राध्यापकाने अंगणात घाम गाळून एक तास तरी ढोल बडवलाय का ते विचार. ती म्हणाली की तेवीस जूनपर्यंत नाव द्या, बाकी मला काही ऐकायचं नाही.

नखं सगळी संपली.

७ जून

मॅनेजरला सांगून टाकलं की जुलैपासून मी येणार नाही, दुसरा माणूस बघा. जरा जोरातच सांगितलं, दोन गिऱ्हाइकं निघून गेली. मोठा करार होतोय हेही सांगितलं. कुणाला बोलू नका म्हटलं.

घरी येऊन आईला सांगितलं. म्हणाली, सही झाली का? नाही म्हटलं. मग म्हणाली की कोंबडी अंड्यावर बसायच्या आधीच पिल्लं मोजतोस, लहानपणापासून. या घरात कलावंताला किंमत नाही.

२१ जून, शनिवार, दुपार

शांतपणे लिहायचा प्रयत्न करतो.

सकाळी कंपनीत शेवटची बैठक, सुट्टीच्या दिवशी खास माझ्यासाठी बोलावलेली. मी सुचवलं की बाबांना अज्ञात कलावंत म्हणून जाहीर करा. मिस अॅडलर म्हणाली की अज्ञात माणसाचेच वारस सगळ्यात जास्त असतात. फाइल मिटली. ओटिस मला लिफ्टपाशी घेऊन गेला.

त्याने जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो, म्हणजे त्याचा नीचपणा कागदावर राहील. म्हणे त्याने लेबल वाचलं होतं. टबाजवळ मी डोळे मिटून बसलो होतो तेव्हाच. त्यावर लिहिलं होतं: कपलोविट्झ गाद्या, रेडिओ जाहिरात, एक मिनिट, पंचेचाळीसच्या गतीवर वाजवा.

गाद्या.

म्हणे सांगणार होता, पण मी डोळे उघडले तेव्हा माझा चेहरा बघून त्याला सांगवेना. उद्या सांगू, परवा सांगू, करता करता मी टोपी काढायला लागलो, मग तर तोंडच उघडेना. म्हणे चौदा वर्षांत तुला कधीतरी कळलंच असेल असं वाटलं होतं, म्हणून ठेका मागायला आलो. त्या दिवशी जेवताना तू बाबांचं नाव घेतलंस तेव्हा समजलं की तुला अजून काहीच माहीत नाही. वकिलाला मी सांगणार नाही, डेस. रेकॉर्ड तुझी आहे, सांगायचं तर तू सांग.

मी काय बोललो ते सगळं लिहीत नाही, वही चर्चची आहे. एवढं आठवतं की भाड्याचा तोंडपुज्या म्हटलं, माझ्यावर जळतोस म्हटलं, खरी गोष्ट पाहिली की तिच्यावर थुंकल्याशिवाय तुला राहवत नाही म्हटलं, स्वतः विकला गेलास तशी आता माझी तबकडीही जाहिरात करून टाकलीस म्हटलं. लिफ्ट दोनदा येऊन गेली. शेवटी ओटिस म्हणाला की काकूंना नमस्कार सांग.

सांगितला नाही.

२२ जून, रविवार, सकाळ

खोटं खोटं म्हणून सिद्ध करायला तबकडी पंचेचाळीसवर लावली. आजवर कधी लावली नव्हती. १९८३ साली माझ्या यंत्राचं गतीचं बटण तेहतीसवर, म्हणजे संथ गतीवर, अडकलेलं होतं. नंतर नवीन यंत्र आलं, पण मोठी तबकडी म्हणजे तेहतीसच, हे पोरालाही कळतं. पंचेचाळीस असेल तर लेबलवर लिहिलेलं असतं.

ढोल उड्या मारत आला. बास टुणटुण करत आला. मग तो पुरुष रडायच्या जागी एक बाई गायला लागली, हसत हसत.

आणि स्वयंपाकघरातून आईही गायला लागली. मासा तळत होती, मान वर केली नाही. शब्दाला शब्द, सुराला सूर: कूस बदला, स्वप्न बदला, घरी आणा कपलोविट्झची गादी. संपल्यावर म्हणाली, कुठे रे मिळालं हे? आम्ही बार्बाडोसहून आलो त्या हिवाळ्यात रोज सकाळी लागायचं रेडिओवर. तुझ्या वडिलांना इतकं आवडायचं की पहिली खरेदी तीच केली. तू अजून त्याच गादीवर झोपतोस ना.

खोलीत जाऊन गादी उलटी केली. खालच्या कोपऱ्यात लेबल होतं. शिवलेलं. सत्तावीस वर्षांत धागाही सुटला नाही.

दुपार

रेकॉर्ड फोडायला घेतली. फोडली नाही. टोपी डोक्यावर होती, ती काढावी की नाही कळेना.

२३ जून, सोमवार, सकाळ

निश्चय. पुरुषासारखं मिस अॅडलरला फोन करून खरं सांगायचं. गादीवाले जिवंत असतील तर एका दिवसात परवानगी देतील. करार होईल. फक्त सगळ्या ब्रॉन्क्सला कळेल. रेकॉर्डवर छापतात ते, मूळ संगीत अमक्याचं. विल्फ्रेडो ते मोठ्याने वाचेल.

अकरा वाजता फोन करायचा.

दुपार, दोन

एक वाजता केला. मिस अॅडलर म्हणाली, तुम्हाला कळलं नाही का? मिस्टर मॅकफॅडन सकाळी नऊलाच येऊन गेले. त्यांना तो ठेका आता पसंत नाही. गाणंच रद्द केलं, झालेल्या खर्चाचा भार स्वतःवर घेतला. कंपनीवाले भडकलेत. तुमच्याकडून आता काही नको, शुभेच्छा.

पसंत नाही! माझा ठेका नापसंत करणारा हा कोण लागून गेला? चौदा वर्षं ज्याच्यावर अख्खं ब्रॉन्क्स नाचलं! रागाने फोन आपटला. आईने विचारलं, काय झालं? काही नाही म्हटलं.

२४ जून

मॅनेजरकडे गेलो. म्हटलं, जुलैचं मी सहज बोललो होतो. त्याने माझ्या हातात सात नंबरचा जोड दिला आणि कोपऱ्यातल्या बाईकडे बोट दाखवलं. दुकानात ओटिसची कॅसेट चालू होती. आवाज मी कमी केला नाही.

२८ जून, शनिवार

केस वाढले होते म्हणून विल्फ्रेडोकडे गेलो. दारातच टाळ्या. सगळे उभे राहिले.

गुरुवारी ओटिस तिथे आला होता म्हणे. स्वतःच्या तोंडाने कबूल करून गेला: कंपनीने डेसला वाटेल ते देऊ केलं, मीही पाया पडलो, पण गडी बधला नाही. म्हणाला, बाबा ओसेईचं दुःख विकायला नाही. तो माणूस विकत घेता येत नाही. एवढं बोलून, केस न कापताच, निघून गेला.

विल्फ्रेडोने मला मधल्या खुर्चीवर बसवलं. नवीन टॉवेल काढला. म्हणाला, आज पैशांचं नाव काढायचं नाही, खरा म्हणून उरलायस तो एक तू. मग सगळ्यांनी मिळून ओटिसला धुवायला घेतलं. चंदेरी माकड. बोटीतलं बुजगावणं. हमालाला सगळ्यात जास्त हशा पिकला. सगळ्या शिव्या माझ्याच होत्या, एकही नवीन नव्हती.

समोर आरसा. कात्री कानाजवळ चालू. मी तोंड उघडलं. विल्फ्रेडोने विचारलं, फार बारीक होतंय का? ठीक आहे म्हटलं.

कुणीतरी बाबांची गोष्ट सांगायला सांगितली. घसा बसलाय म्हटलं. मग विल्फ्रेडोनेच सांगितली, माझ्यापेक्षा बरी. ठेकाही त्यानेच तोंडाने वाजवला, आणि शेवटी सगळ्यांनी टोप्या काढल्या.

माझ्या पोटात गोष्ट राहत नाही असं ओटिस म्हणायचा. राहिली.